कुळावरून काम सांगता येते काय?

माझे गाव बेल्लमपल्ली. काझीपेठहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे कोळशाच्या खाणींचे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हापासून ते मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि आता शिक्षणाच्या निमित्ताने कन्नड मुलूख, असा माझा तीन भाषांचा प्रवास झाला. या प्रवासात एका साध्या शब्दाने माझी चांगलीच फजिती केली. तो शब्द म्हणजे 'अवसर'.

वसतिगृहात आल्यावर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. घंटा झाली म्हणून मी भोजनगृहाकडे धावत सुटलो, तोच एक कन्नड मित्र मागून ओरडला, "अवसर माडबेड!" आमच्या गावी दुकानदार 'अवसरम् लेदु' म्हणाला की त्याचा अर्थ 'गरज नाही' असा होतो. तेव्हा मला वाटले, आज जाण्याची गरज नाही, खानावळ बंद असावी. मी मुकाट्याने खोलीवर परतलो. वस्तुतः तो बिचारा 'घाई करू नकोस' एवढेच सांगत होता. आणि घरून निघताना आई म्हणाली होती, "अवसर मिळाला की फोन कर." तिच्या बोलण्यातला अवसर म्हणजे फुरसत, संधी.

शब्द मूळचा एकच, संस्कृतातला. तीन भाषांत गेला आणि तिन्हीकडे वेगळ्या कामाला लागला. त्याचे कूळ एक, चेहरा जवळजवळ एक, काम मात्र तीन. तेलुगू कोशातला अर्थ उचलून जो कन्नड कोशात लिहील तो माझ्यासारखाच उपाशी राहील!

हा प्रसंग मी विसरून गेलो असतो. परंतु गेल्या वर्षी प्रयोगशाळेत तो पुन्हा आठवण्याचे कारण घडले. आम्हां पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना सरांनी चाळीस जनुकांची यादी दिली व प्रत्येकाचे कार्य लिहून आणावयास सांगितले. आम्ही संगणकासमोर बसलो. जनुककुलांच्या माहितीकोशात एकेक नाव घातले, समोर जे आले ते उतरवून घेतले आणि दोन तासांत मोकळे झालो. सरांनी वही चाळली व विचारले, "हे तुम्हाला कोणी सांगितले?" आम्ही म्हणालो, "माहितीकोशाने." सर म्हणाले, "ठीक. आणि त्याला कोणी सांगितले?" वर्गात कोणालाही उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम जनुकांचे कूळ म्हणजे काय ते पाहू. एखाद्या प्राचीन जीवात असलेल्या जनुकाची प्रत निघते, कालांतराने दोन्ही प्रतींत बदल साचत जातात, जाती वेगळ्या होतात, आणि कोट्यवधी वर्षांनी एकाच मूळ जनुकाचे अनेक वंशज निरनिराळ्या प्राण्यांत व वनस्पतींत आढळतात. त्यांच्या अनुक्रमांतील साम्यावरून त्यांची वंशावळ मांडता येते. 'पँथर', 'पीफॅम', 'इंटरप्रो' हे माहितीकोश अशाच वंशावळींची किंवा त्यांतील समान घटकांची कोठारे आहेत. माणसाच्या अंगात प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २० हजार. त्यांत उंदीर, माशी, भात, सोयाबीन यांची भर घातली म्हणजे प्रत्येक जनुकावर प्रयोग करणे कोणत्याही देशाला शक्य नाही हे उघड आहे. म्हणून ज्याच्यावर प्रयोग झाला आहे त्याचे कार्य त्याच्या नातलगांच्याही नावे लिहिले जाते. या रीतीत गैर काही नाही. किंबहुना तिच्यावाचून आधुनिक जीवशास्त्राचे पान हलणार नाही. माझा आक्षेप रीतीला नसून आपण ती नोंद ज्या डोळ्यांनी वाचतो त्या वाचण्याला आहे.

आता 'कार्य' या शब्दाकडेच पाहा. खाणीतला एखादा फिटर घ्या. त्याचे काम काय? कोणी म्हणेल, पाना फिरवणे. कोणी म्हणेल, खाणीत पाणी साचू न देणे, कारण तो पंपाची देखभाल करतो. तिसरा म्हणेल, तो खाली, पंपाजवळ असतो. तिघेही खरेच बोलतात, परंतु तिघांची उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. शिवाय तोच पाना सायकलच्या दुकानातही फिरतो. म्हणून तेथे पाणी उपसले जाते असे कोणी म्हणत नाही. माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या माहितीकोशांवर काम करणाऱ्या मंडळींनी १९९८ साली 'जीन ऑन्टॉलॉजी' नावाची जी परिभाषा उभारावयास घेतली तिच्यात नेमके हेच तीन रकाने ठेवले आहेत: रेणू स्वतः काय करतो, कोणत्या जैविक प्रक्रियेत भाग घेतो, आणि पेशीत कोठे असतो. आम्ही आमच्या वहीत तिन्ही रकाने एकाच ओळीत कोंबले होते!

हे तीन रकाने वेगळे का ठेवावे लागतात, हे ग्लोबिन कुळाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते हे शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. स्नायूतील मायोग्लोबिन हे त्याच कुळातले. प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रथम उलगडली ती याच दोन भावंडांची, आणि त्याबद्दल केंड्रू व पेरुट्झ यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता सोयाबीनचे चांगले वाढलेले रोप उपटून त्याच्या मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसेल. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे त्याच ग्लोबिन कुळातल्या आणखी एका प्रथिनाचा आहे. झाडाला रक्त नाही, फुप्फुस नाही; मग याचे काम काय? गाठीतील जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, परंतु ज्या विकराने ते बांधतात ते मोकळ्या प्राणवायूने निकामी होते. लेगहिमोग्लोबिन प्राणवायूला धरून ठेवून मोकळ्या प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प राखते आणि जीवाणूंच्या श्वसनापुरता तो पोचवतेही. म्हणजे पाना तोच, प्राणवायूला धरण्याचा. परंतु कारखाना निराळा. कुळावरून पहिला रकाना बऱ्यापैकी भरता येतो, दुसरा मात्र पुष्कळदा येत नाही, असे मला यावरून वाटते.

पहिल्या रकान्याच्या खात्रीनेही दुसऱ्याविषयी बेफिकीर होऊ नये. मायोग्लोबिन नसेल तर स्नायूंचे काम अडेल असे पाठ्यपुस्तके वाचून कोणीही म्हणेल. १९९८ साली अमेरिकेत मायोग्लोबिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. ते जगले, वाढले आणि धावलेही! पुढे असे दिसून आले की त्यांच्या शरीराने इतर मार्गांनी ती उणीव भरून काढली होती. न्यूरोग्लोबिन हे मेंदूतले ग्लोबिन २००० साली सापडले. त्याच्या नेमक्या कार्यावरचा वाद अजून संपलेला नाही. एकाच कुळातील सभासदांची ही स्थिती आहे.

मग प्रत्येक नोंद किती विश्वासाची हे ओळखावयाचे कसे? येथेच सरांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते पडद्यावर आमच्या डोळ्यांसमोरच होते. प्रत्येक नोंदीशेजारी दोन-तीन रोमन अक्षरांचा एक संकेत असतो. 'आय-डी-ए' असेल तर त्या प्रथिनाची प्रत्यक्ष चाचणी झालेली आहे. 'आय-एम-पी' असेल तर जनुकात बिघाड झाल्यावर काय घडते ते पाहिलेले आहे. 'आय-एस-एस' म्हणजे अनुक्रमाच्या साम्यावरून काढलेले अनुमान. 'आय-बी-ए' म्हणजे वंशावळीतील पूर्वजाला हे कार्य असावे असे तज्ज्ञाने ठरवून ते वंशजांना दिलेले आहे. 'आय-ई-ए' म्हणजे यंत्राने लावलेली नोंद. ती एकेक करून कोणी माणसाने तपासलेली नाही. या कोशांतील नोंदींचा फार मोठा भाग या शेवटच्या प्रकारचा आहे. आणखी दोन खुणा मला विशेष आवडल्या. एक 'एन-डी', म्हणजे 'आम्ही शोधले, माहिती मिळाली नाही'. दुसरी 'नॉट', म्हणजे 'कुळावरून असे वाटेल, परंतु हे कार्य या जनुकाचे नाही'. ज्या कोशात 'ठाऊक नाही' आणि 'नव्हे' असे लिहिण्याची सोय आहे तो कोश प्रामाणिक समजावा. आमच्या वहीत मात्र चाळीसही ओळी सारख्याच ठामपणे लिहिलेल्या होत्या. चाचणी झालेले, अनुमान केलेले आणि यंत्राने चिकटवलेले, सर्वांना एकच शाई!

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? चुका अशा किती असणार? याचे उत्तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळते. विकरांच्या सहा मोठ्या घराण्यांतील ३७ कुळे घेऊन सार्वजनिक माहितीकोशांतील नोंदी त्यात तपासल्या होत्या. माणसांनी वाचून तपासलेल्या 'स्विस-प्रॉट'मध्ये बहुतेक कुळांबाबत चुका जवळजवळ शून्य होत्या. परंतु इतर मोठ्या कोशांत चुकीच्या नोंदींचे सरासरी प्रमाण घराण्यानुसार ५ पासून ६३ टक्क्यांपर्यंत गेले, आणि ३७ पैकी १० कुळांत कोणत्या ना कोणत्या कोशात ते ८० टक्क्यांच्याही वर होते. याचे कारण आपल्या परीक्षागृहात चांगले परिचित आहे. एकाने चुकीचे उत्तर लिहिले, शेजाऱ्याने ते उतरवले, त्याच्यावरून तिसऱ्याने. शेवटी दहा वह्यांत तेच उत्तर पाहून परीक्षकाला तेच बरोबर वाटू लागावे, तसे हे घडते.

उलटही घडते, नोंद खोटी नसते पण अपुरी असते. 'बी-सी-एल-११-ए' या जनुकाला ते नाव मिळाले ते रक्तातील बी-पेशींच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे. त्याच्या कुळावरून ते डी. एन. ए. ला धरणारे प्रथिन घडवते हे सांगता येत होते. पण मूल जन्मल्यानंतर गर्भातील हिमोग्लोबिनची निर्मिती बंद करण्यात त्याचा मोठा वाटा आहे, हे २००७-०८ च्या सुमारास माणसांच्या प्रत्यक्ष अभ्यासांतून कळले. ते ज्ञान हाती येताच सिकलसेलच्या रोग्यांत हे कुलूप उघडण्याची कल्पना पुढे आली, आणि २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत तिच्यावर आधारलेल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता मिळाली. नावावर आणि कुळावर विसंबून संशोधक थांबले असते तर हे झाले नसते.

सिकलसेलचा उल्लेख आला तो सहज नव्हे. हा आजार आमच्या मुलखाचा आहे. गोदावरी व प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर, आदिलाबादच्या गोंड, परधान इत्यादी समाजांत आणि पलीकडे चंद्रपूर-गडचिरोली-नागपूर भागात तो आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत झाली. बीटा-ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो बदल. तो इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला. (नव्या नोंदींत हीच जागा सातवी म्हटलेली आढळते, कारण तेथे पुढे कापून टाकले जाणारे आरंभीचे मेथिओनिनही मोजतात. विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये.) १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे.

कुळावरून काम ठरविण्याची चूक केवळ संगणकात होते असे नव्हे, हे मला या आजाराने शिकवले. भारतातील सिकलसेलचे जनुक ज्या पार्श्वभूमीवर आढळते तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या प्रकारात गर्भातील हिमोग्लोबिन पुष्कळदा अधिक प्रमाणात टिकून राहते. ओडिशातील रोग्यांचा आजार आफ्रिकी वंशाच्या रोग्यांच्या मानाने सौम्य असल्याचे १९८० च्या दशकातील अभ्यासांत दिसले, आणि 'भारतीय सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य पुस्तकांतून रूढ झाले. कूळ एक, तेव्हा लक्षणेही एक! परंतु नागपूर भागातील मुलांच्या अभ्यासांतून तेथील अनेकांचा आजार मुळीच सौम्य नसल्याचे आढळून आले. एका ठिकाणची खरी नोंद दुसऱ्या ठिकाणी तपासल्यावाचून नेली की ती खोटी होऊ शकते. ज्या मुलाला वेदनेचा झटका आला आहे त्याच्या वैद्याने 'आपल्याकडचा प्रकार सौम्य असतो' असे मनात धरले, तर त्या अनुमानाची किंमत ते मूल मोजते.

आमच्या शेजारच्या एका मुलीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एका शिबिरात तिचे रक्त तपासले गेले आणि हाती चिठ्ठी आली, 'सिकल पॉझिटिव्ह'. तेवढ्या दोन शब्दांवर तिचे ठरत आलेले लग्न मोडले. शिबिरात झाली होती ती विद्राव्यतेची साधी चाचणी. ती सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. रोगी कोण आणि केवळ वाहक कोण हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच. पी. एल. सी. ही तपासणी करावी लागते. पुढे ती झाली आणि मुलगी वाहक निघाली, म्हणजे आजार नसलेली. दोन्ही बाजू वाहक असतील तर मात्र होणाऱ्या प्रत्येक अपत्याला आजार असण्याचा संभव चारांत एक असतो, म्हणून मुलाचीही तपासणी करणे एवढेच योग्य होते. चिठ्ठीवर निष्कर्ष होता; कोणत्या चाचणीने काढला ते नव्हते. आमच्या वहीतही नेमकी हीच उणीव होती. फरक इतकाच की आमचे गुण गेले आणि तिचे लग्न मोडले.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रात्यक्षिकाच्या वहीत जनुकाच्या कार्यापुढे 'पुरावा' असा एक रकाना सक्तीचा असावा आणि तो रिकामा असेल तर त्या ओळीला गुण देऊ नयेत. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून निदान एका जनुकाची नोंद मुळापर्यंत शोधावी: ज्या शोधनिबंधावर ती उभी आहे तो वाचावा, प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला ते पाहावे, आणि नोंद चुकीची वाटली तर माहितीकोशाच्या चालकांना तसे कळवावे. ते अशा सूचनांचा विचार करतात. तिसरी, आम्ही विद्यार्थ्यांनी 'ठाऊक नाही' असे लिहिण्याची लाज सोडावी आणि गुरुजनांनी तसे लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. पीफॅममध्ये 'कार्य अज्ञात' अशी पाटी लावलेली हजारो कुळे आहेत. जगातील तज्ज्ञांना जे लिहिताना संकोच वाटत नाही ते आम्हाला का वाटावा?

यावर कोणी म्हणेल की अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा. एवढे खोलात शिरावयास सवड कोणाला? आक्षेप खरा आहे. चाळीस जनुकांचा मूळ शोध दोन तासांत लागत नाही. परंतु मग चाळीसऐवजी चार जनुके द्यावीत. चार नोंदी समजून वाचलेला विद्यार्थी उरलेल्या छत्तीस नोंदी कशा वाचाव्यात हे जाणतो. चाळीस उतरवलेला विद्यार्थी एकही जाणत नाही. उद्या आमच्यापैकीच कोणी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बसेल, कोणी आरोग्यकेंद्रात जाईल, कोणी याच वर्गात शिकवील. त्याच्या हातून निघणारी प्रत्येक चिठ्ठी कोणाच्या तरी घरात जाणार आहे.

आपल्या या नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग शेजारी शेजारी नांदतात. माझी तेलुगू मी गावाहून बरोबर आणलीच आहे. तेव्हा तिन्ही भाषांतला तो एकच शब्द घेऊन समारोप करतो. जनुकाची नोंद वाचताना कन्नडमधला अवसर करू नये. पुरावा पाहण्याचे तेलुगूमधले अवसरम् मात्र निश्चित आहे. आणि असे वाचावयास शिकण्याचा मराठीतला अवसर आपल्याला याच इमारतीत, याच दोन-तीन वर्षांत मिळालेला आहे.